पाण्याचा कागद, जमिनीचा कागद

(गागोदे बुद्रुक इथे झालेल्या वाड्यांच्या मेळाव्यात संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. भातकापणीमुळे ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. वाडीच्या बैठकीत ज्याला वाचता येतं त्याने मोठ्याने वाचून दाखवावं.)

आया-बायांनो, भावांनो, आणि मागे झाडाखाली बसलेल्या पोरांनो,

कापणीचे दिवस आहेत. एक दिवसाची मजुरी बुडवून, डोंगर उतरून तुम्ही इथे आलात. म्हणून लांबण लावत नाही.

आल्या आल्या काही जणांनी विचारलं, संघटना जमिनीची, मग मेळावा पाण्याचा कशाला? आमच्या दळीच्या दाव्यांचं काय झालं ते आधी सांगा. बरोबर विचारलंत. दाव्यांचं बोलणारच आहोत. पण त्याआधी एका वाडीची हकीकत ऐका. आम्ही जमीन सोडून पाण्याकडे वळलेलो नाही, जमिनीच्या वाटेनेच पाण्याकडे आलो आहोत, हे तुमच्या ध्यानात येईल.

वाडीचं नाव घेत नाही. तिथली माणसं इथे बसली आहेत आणि दुःख अजून ओलं आहे. तीसेक घरांची कातकरवाडी. पाणी वहाळातल्या डवऱ्याचं. वाटीने हंडा भरायचा, गाळ बसू द्यायचा, मग प्यायचं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि उतारावरची सगळी घाण धुऊन डवऱ्यात आली. चार दिवसांत घरटी एक माणूस आडवं झालं. जुलाब, उलट्या. एक दोन वर्षांची पोर दवाखान्याच्या वाटेतच गेली. मग गाडी आली, गोळ्या आल्या, पाण्याचा नमुना बाटलीत भरून नेला. पाणी पिण्यास अयोग्य, असा कागद आला. ते तर वाडीला आधीच माहीत होतं.

आम्ही विचारलं, तुमची विहीर मंजूर होती ना? होती. दोन वर्षांपूर्वीच मंजूर झाली होती. मग खणली का नाही? तर जागा नव्हती. वाडी बसली आहे ती जागा एका खातेदाराच्या सातबारावर. तो म्हणाला, राहताय तर राहा, पण विहिरीला लिहून देणार नाही. आज विहिरीपुरतं लिहून दिलं तर उद्या घराखालची जागा मागतील, ही त्याची भीती. वरच्या बाजूला जंगल. तिथे पहार मारली तर गार्ड आला आणि काम थांबवलं. मार्च सरला, निधी परत गेला. त्या वाडीतल्या बायांनी आम्हाला एका दमात सगळं सांगितलं. पाणी मागायला गेलं की जमिनीचा कागद मागतात, आणि जमीन मागायला गेलं की विचारतात, पुरावा काय?

ही गोष्ट एका वाडीची नाही. पेण घ्या, रोहा घ्या, सुधागड घ्या. जिथे वाडीखालची जमीन आपल्या नावावर नाही तिथे पाणीही आपलं नाही. आज एवढंच समजून घ्यायचं आहे आणि त्यावर काय करायचं ते ठरवून घरी जायचं आहे.

आता पावसाचं बघा. आपल्या रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. देशात फार थोड्या ठिकाणी एवढा पडत असेल. आणि शिमग्यानंतर आपल्या बाया डोक्यावर चुंबळ ठेवून डोंगर उतरतात. असं का? कारण आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी साठतं ते फक्त वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. उतार तीव्र, समुद्र जवळ. ज्या उतारावर झाडं आहेत, पालापाचोळा आहे, बांध आहेत, तिथे थोडं पाणी मुरतं आणि हळूहळू झऱ्याला येतं. जिथे डोंगर बोडका झाला, किंवा प्लॉट पाडायला जेसीबीने खरवडला, तिथे पाऊस आला तसा खाडीला जातो.

म्हणजे झरा राखायचा तर झऱ्याभोवती चार दगड लावून भागत नाही. झऱ्याच्या वरचा अख्खा उतार राखावा लागतो. तो उतार कुणाच्या ताब्यात आहे, पाण्याचा निकाल तिथे लागतो. उतारावर शेठचं फार्महाऊस झालं, बोअर पडली, की खालचा झरा दोन-तीन उन्हाळ्यांत बसतो. कायदा नाही असं नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत दुसऱ्या कामासाठी परवानगीशिवाय विहीर घेऊ नये, हे १९९३ च्या भूजलाच्या कायद्यातच आलं. पण आपला डवरा सरकारच्या दप्तरात सार्वजनिक ठिकाण म्हणून नोंदलेलाच नसतो. नोंद नाही, म्हणून संरक्षण नाही. पुन्हा कागदच आडवा.

आपल्या डोंगरावर पडलेलं पाणी पुढे कुठे जातं तेही बघू. हेटवणे धरण आपल्याच पेण तालुक्यात. त्याचं पाणी नवी मुंबईकडच्या वसाहतींना जातं, आणि इथल्याच खारेपाटातली गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. घाटावर मुळशीला अडवलेलं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कुंडलिकेत येतं. त्याच कुंडलिकेच्या काठी रोह्याजवळ धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. नदीत घाण सोडू नये, हा कायदा १९७४ चा. नदीवर मासे धरून पोट भरणाऱ्या आपल्या माणसांना विचारा, पूर्वी कुठल्या कोंडीत कुठला मासा मिळायचा आणि आता काय मिळतं.

म्हणून कुणी म्हणालं की पाणी कमी आहे, तर लगेच मान हलवू नका. कुणाला कमी, ते विचारा.

याच तालुक्यातली अजून एक गोष्ट आठवा. महामुंबई सेझ येणार होता. हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं. मोठा लढा झाला, लोक रस्त्यावर उतरले, आणि तो सेझ पेणमध्ये उभा राहिला नाही. त्या शेतकऱ्यांच्या हातात काय होतं? एकी होतीच. पण एक कागदही होता. ही जमीन धरणाच्या लाभक्षेत्रात आहे, हिच्यासाठी पाणी ठरलेलं आहे, हे दप्तरात लिहिलेलं होतं. खाली सपाटीवर पाण्याच्या कागदाने जमिनीला आधार दिला. वर डोंगरावर आपल्याला तोच कागद उलट्या बाजूने वाचायचा आहे. जमिनीच्या हक्काने पाणी राखायचं आहे, आणि पाण्याच्या पुराव्याने जमीन मिळवायची आहे.

आपण बसलो आहोत ते गाव विनोबांचं. १८९५ साली इथे त्यांचा जन्म झाला. १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीला भूमिहीनांनी जमीन मागितली, आणि तिथून भूदान सुरू झालं. आपण दान मागत नाही, हक्क मागतो, हा फरक आहे आणि तो आपण लपवत नाही. पण कसणाऱ्याला जमीन का नाही, हा प्रश्न गावोगाव पायी नेणारा माणूस या मातीतला होता, याचा आपल्याला अभिमान आहे.

आणि पाण्याचा प्रश्न याच जिल्ह्याने देशापुढे ठेवला. महाडचं चवदार तळं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाणी मिळालं का? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. पुढे कोर्टात खटला चालला तो १९३७ पर्यंत. यातून आपण काय घ्यायचं? नुसता कागद असून चालत नाही, पाण्यापर्यंत चालत जावं लागतं. आणि नुसतं चालत जाऊनही भागत नाही, कागदाची लढाई दहा-दहा वर्षं चिकाटीने लढावी लागते.

आता आपल्या हातातला कागद बघू. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारी ठाणे-पालघरच्या डोंगरातल्या गावांना पेसा कायदा आहे, आपल्याला नाही. म्हणून २००६ चा वनहक्क कायदा हीच आपली काठी. ती आपण आजवर अर्धीच वापरली, हे आज कबूल करायला हवं. आम्ही कार्यकर्त्यांनी तुमच्याबरोबर दळीचे प्लॉट मोजले, नकाशे काढले, नमुना अ भरले. वैयक्तिक दावा, ज्याचा त्याचा तुकडा. पण किती वाड्यांनी नमुना ब आणि नमुना क भरला? फार थोड्या. झरा, वहाळ, गुरांचं पाणी, मासे धरायची कोंड, हे सगळं सामूहिक हक्काच्या दाव्यात येतं, आणि त्या रकान्यात आपण रेघ ओढून टाकली. ही चूक आमची आहे. प्लॉटच्या मागे धावताना आम्ही झरा नकाशावर घ्यायला विसरलो.

कायद्यात काय काय आहे, साध्या भाषेत सांगतो.

एक. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं ही वस्ती जुनी असल्याचा पुरावा म्हणून धरली आहेत. जमिनीवर घातलेले बांध, बंधारेही पुराव्यात आहेत. आणि सामूहिक हक्कासाठी माणसांच्या व गुरांच्या पाण्याच्या जागा, मासेमारीच्या जागा पुरावा म्हणून चालतात. म्हणजे तुमच्या आजीने ज्या झऱ्यावर हंडा भरला तो झराच तुमचा साक्षीदार आहे. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा. मात्र जो दावा करतो त्याचा स्वतःचा जबाब यात चालत नाही, दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लागतो. दाव्याला कमीत कमी दोन पुरावे हवेत.

दोन. कलम ३(१) प्रमाणे आपण परंपरेने राखत आलेलं सामूहिक वन राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क आहे. कलम ५ प्रमाणे पाणलोट क्षेत्र आणि पाण्याच्या जागा सुरक्षित राहतील हे बघायचा अधिकार ग्रामसभेला आणि हक्कधारकांना दिला आहे. उतारावर कुणी जेसीबी चढवला तर ग्रामसभा ठराव करून अडवू शकते. त्यासाठी ग्रामसभेने आपल्यातूनच एक समिती नेमायची असते.

तीन. हे नीट ऐका, कारण त्या वाडीची विहीर इथे अडली होती. कलम ३(२). सरकारने करायच्या सोयींसाठी वनजमीन देता येते. त्या यादीत पिण्याचं पाणी, पाइपलाइन, लहान तळी, पाणी साठवायची बांधकामं आहेत. अट अशी, की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. विहिरीला किती जागा लागते? एखाद्या गुंठ्याचं काम. म्हणून जंगलात विहीर होतच नाही असं कुणी सांगितलं तर वाद घालू नका. कलमाचा आकडा सांगा, ठरावाची प्रत पुढे ठेवा आणि पोच घ्या.

हक्क मिळाला की काम संपलं नाही, तिथून सुरू होतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षं ते गाव एकत्र बसून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलून निर्णय घेत होतं, म्हणून तो हक्क त्यांना पेलला. पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांच्या डोक्यावर ठरला. भूमिहीनालाही वाटा. जास्त पाणी पिणारा ऊस लावायचा नाही. आपल्याकडे तर बहुतेक घरं भूमिहीन. मग आपल्या झऱ्याची वाटणी कशी व्हावी, हे त्यावरून तुम्हीच बोला.

थोडं आपल्या घरातलंही बोलू. वहाळाच्या कोंडीत औषध नाहीतर पावडर टाकून मासे मारणारी पोरं आपल्याच वाड्यांत आहेत. त्यात बारकी पिल्लंही मरतात, आणि खाली तेच पाणी दुसरी वाडी पिते. कारखान्याला जाब विचारायचा असेल तर आधी ही बाटली बंद करा. झऱ्याच्या वर परसाकडे बसणं, डवऱ्यात कपडे धुणं, गुरं घालणं, हेही वाडीने मिळून बंद करायचं. आणि पाण्याच्या बैठकीत बाया पुढे बसतील. पाणी त्या भरतात, कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो ते त्यांनाच ठाऊक असतं.

विहीर असेल तर तिच्यात पावडर किती टाकायची, याचा हिशेब पाठ करून ठेवा. विहिरीची रुंदी मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ०.७८५ ने गुणा. रुंदी ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल तर झालं १४ घनमीटर, म्हणजे १४ हजार लिटर. चांगली ब्लिचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला ३५ ग्रॅम. पावसाळ्यात पाणी गढूळ असलं तर दुप्पट, ७० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत बुडवून हलवा. निदान तासभर कुणी पाणी भरू नका. रात्री टाकलेली बरी. गोणी उघडी राहिली तर पावडरीचा जोर जातो, तोंड बांधून ठेवा. डवऱ्याला मात्र हे चालत नाही, कारण तिथे पाणी सारखं झिरपत, वाहत असतं. तिथलं पाणी घरी गाळून उकळा, नाहीतर हंड्यात क्लोरीनचे थेंब टाका. पोराला जुलाब लागले तर वाट बघू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट पाजत राहा आणि दवाखाना गाठा. चमचा चहाचा, मोठा नव्हे.

शेवटचं. दिवाळी झाली की आपली निम्मी वाडी भट्टीवर जाते. चैत्र-वैशाखात पाणी आटतं तेव्हा वाडीत म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली पोरं. तक्रार करायला कुणी नाही, म्हणून कागदावर टंचाईही नाही. तालुक्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबरपासूनच्या तीन टप्प्यांत होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. आपली मागणी त्यात जायची तर मुकादमाची गाडी यायच्या आत गेली पाहिजे. म्हणून आज हा मेळावा, कापणीच्या घाईत.

प्रत्येक वाडीने दिवाळीआधी करायची कामं अशी:

१. बाया आणि म्हातारी माणसं यांनी मिळून वाडीचे सगळे झरे, डवरे, कोंडी, जुन्या विहिरी फिरून बघाव्यात. शाळेत जाणाऱ्या पोरांनी नकाशा काढावा. कुठलं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं ते त्यावर लिहावं.

२. वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्यावेत. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही.

३. ग्रामसभेत नमुना ब आणि क मंजूर करून घ्यावेत. सभेला निम्मी माणसं हवीत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया हव्यात, नाहीतर ठराव टिकत नाही.

४. विहीर जागेपायी अडली असेल तिथे कलम ३(२) चा ठराव वेगळा करावा.

५. टंचाईची मागणी लेखी द्यावी. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.

६. वहाळाला धार आहे तोवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून वनराई बंधारा घालावा. याला कुणाच्या पैशाची वाट बघायची गरज नाही. दहा घरं एक दिवस लागली की होतं.

त्या वाडीने कालच ठराव केला. सभेला त्या पोरीची आई होती. ती काही बोलली नाही. तिने पहिला अंगठा दिला. विहीर कधी होईल ते आज आम्ही सांगू शकत नाही. महाडला कोर्टाचा निकाल लागायला दहा वर्षं लागली. पण यंदा त्या ठरावाची पोच आपल्याकडे आहे, झरा नकाशावर आहे, आणि पुढच्या मृगाला त्या घरात पाणी उकळलेलं असेल, एवढं त्या वाडीने आपसात ठरवलं आहे.

बाकीच्या वाड्यांनी काय ठरवलं ते आता उभं राहून सांगा.

जिंदाबाद!